शेगडी हवी की मधलं दार? अमेरिकेतल्या लांब मुक्कामासाठी हॉटेल निवडताना

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. तुमच्या यजमानांना कंपनी चार महिन्यांसाठी टेक्सासमध्ये डॅलसजवळ प्लेनोला पाठवते आहे. पहिले बारा आठवडे ते एकटे असतील. मग तुम्ही, पाच वर्षांची लेक आणि सासूबाई नाशिकहून जाणार, पाच आठवडे तिथेच राहणार, आणि परतण्याआधी आठ-दहा दिवस ऑरलँडो, न्यूयॉर्क आणि नायगारा करणार. कंपनीच्या यादीत काही हॉटेलं ‘एक्स्टेंडेड स्टे’ (लांब मुक्कामाची) म्हणून दिली आहेत, काही ‘ऑल-सूट’ (झोपायची आणि बसायची जागा वेगळी असलेली) म्हणून. ऑफिसातल्या एकांनी सांगितलं की दोन्ही सारखंच, सूट घ्या, त्यात किचन असतंच. तुम्हाला ते पटलेलं नाही. आणि शेवटी, सासूबाई कुकर आणायचा म्हणतायत, तो आणावा का?

मी पुण्यात सहा वर्षं एका कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर होते आणि गेली अकरा वर्षं टेक्सासमध्ये तेच काम करते. भारतातून प्रोजेक्टवर येणारी माणसं कुठे उतरवायची, किती दिवस, घरचे आले की काय करायचं, हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमचा संशय बरोबर आहे, दोन्ही सारखी नाहीत. पण पाटीवरच्या नावावरून फरक कळत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. होमवुड सूट्स, टाऊनप्लेस सूट्स, स्टेब्रिज सूट्स, कँडलवुड सूट्स या सगळ्यांच्या नावात ‘सूट्स’ आहे, पण ही लांब मुक्कामाची हॉटेलं आहेत, स्वयंपाकाची सोय असलेली. एम्बसी सूट्स आणि स्प्रिंगहिल सूट्स यांच्याही नावात ‘सूट्स’ आहे, ती मात्र ऑल-सूट. तिथे साधारणपणे छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह मिळतो, शेगडी मिळत नाही. रेसिडेन्स इनच्या नावात तर सूट हा शब्दच नाही, आणि तिथे प्रत्येक खोलीत स्वयंपाकघर असतं.

म्हणून मी नावांकडे बघतच नाही. माणूस समोर बसला की दोन गोष्टी विचारते. तिथे रोज स्वयंपाक करणार का? आणि खोलीत एक जण झोपलेला असताना दुसरा जागा असणार का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर शेगडी हवी. दुसऱ्याचं ‘हो’ असेल तर झोपायच्या आणि बसायच्या खोलीत मधलं दार हवं. एक्स्टेंडेड स्टे तुम्हाला शेगडी देतं, दाराची हमी देत नाही. चांगलं ऑल-सूट तुम्हाला दार देतं, शेगडी देत नाही. बाकी नाश्ता, जिम, पोहण्याचा तलाव हे सगळं नंतर.

हे असं का झालं, ते या हॉटेलांच्या जन्मात आहे. जॅक डिबोअर हे अपार्टमेंट बांधणारे बिल्डर. त्यांनी 1975 मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात रेसिडेन्स इन सुरू केलं. बदली झालेला, घर मिळेपर्यंत अडकलेला, महिना-दोन महिन्यांच्या कामावर आलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता, म्हणून मुळात ती हॉटेलं म्हणजे छोट्या सामानसज्ज घरांची वसाहतच होती. 1987 मध्ये मॅरियटने ती साखळी घेतली. पुढे कँडलवुडही डिबोअर यांनीच काढलं. 1995 मध्ये एक्स्टेंडेड स्टे अमेरिका आलं, त्याहून साधं आणि स्वस्त. या सगळ्यांचा हिशोब एकच: पाहुणा लवकर बदलत नाही, म्हणून रोज चादरी बदलायला माणसं लागत नाहीत, रेस्टॉरंट लागत नाही, मोठी लॉबी लागत नाही. तो वाचलेला खर्च लांब राहणाऱ्याला दरात परत मिळतो. ऑल-सूटचं गणित निराळं आहे. एम्बसी सूट्स 1980 च्या दशकात उभं राहिलं ते दोन-चार रात्रींच्या पाहुण्यासाठी: आठवड्यात कामाला आलेला माणूस, शनिवार-रविवारी मुलंबाळं घेऊन आलेलं कुटुंब. तिथे पैसा जातो तो दोन खोल्या, मधला उंच मोकळा चौक आणि सकाळी समोर करून दिलेला नाश्ता यांवर. म्हणजे एका रात्रीसाठी एक्स्टेंडेड स्टे घेतलं तर जी सोय वापरणार नाही तिचे पैसे देता, आणि महिनाभर ऑल-सूटमध्ये राहिलात तर रोज सकाळी त्याच ऑम्लेटचे.

आता तुमच्या यजमानांचे पहिले बारा आठवडे. इथे मला काहीच शंका नाही, एक्स्टेंडेड स्टेमधला स्टुडिओ. एकटा माणूस, दार कुणासाठी बंद करायचं? स्टुडिओ म्हणजे एकच खोली, एका भिंतीला ओटा, दोन किंवा चार विद्युत शेगड्या, घरातल्यासारखा उंच फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि बहुतेक ठिकाणी डिशवॉशर. ओव्हन सहसा नसतो. एक गोष्ट मात्र बुकिंगआधी विचारून घ्या: शेगडी बसवलेली आहे की मागितल्यावर देतात? होम टू सूट्ससारख्या ठिकाणी फ्रिज, डिशवॉशर सगळं असतं, पण शेगडी म्हणजे काउंटरवरून आणायची सुटी इंडक्शन. एकट्याला ती पुरते, चौघांच्या स्वयंपाकाला नाही. एक्स्टेंडेड स्टे अमेरिकामध्ये उलट, शेगडी ओट्यातच असते पण भांडी काउंटरवर मागावी लागतात. पहिल्या संध्याकाळी थकून आलेल्या माणसाला हे माहीत नसतं, कपाट उघडतो तर रिकामं.

दराबद्दल एवढंच की या हॉटेलांत दराचे टप्पे असतात. आठवड्याच्या आत एक दर, सात रात्रींनंतर कमी, तीस रात्रींनंतर आणखी कमी. वेबसाइटवर आठवडा-आठवडा करून बुक केलंत तर तिसरा टप्पा कधी लागतच नाही. अख्खा काळ एकाच बुकिंगमध्ये घाला, आणि हॉटेलच्या सेल्सच्या माणसाशी फोनवर बोला. काउंटरवरच्या मुलाला दर कमी करायचा अधिकार नसतो.

टॅक्सची गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी, कारण इथे माझ्या डोळ्यांसमोर लोकांचे पैसे गेले आहेत. टेक्सासमध्ये हॉटेलच्या बिलावर राज्याचा 6 टक्के कर लागतो आणि त्यावर शहराचा. ह्यूस्टनमध्ये एकूण 17 टक्के होतो. पण सलग तीस दिवस किंवा जास्त राहणाऱ्याला हा कर माफ आहे. अट अशी की येतानाच लेखी कळवायचं, ‘मी तीस दिवसांपेक्षा जास्त राहणार आहे.’ तसं कळवलं तर त्या दिवसापासून कर नाही. कळवलं नाही, तर पहिल्या तीस दिवसांचा कर भरावाच लागतो, माफी पुढच्या दिवसांपासून. समजा रात्रीचा दर 100 डॉलर आणि कर 13 टक्के धरला, तर त्या पहिल्या तीस रात्रींचा कर 390 डॉलर होतो. एका ओळीच्या पत्राने तो वाचतो. आणि ‘सलग’ हा शब्द शब्दशः घ्या. मध्ये चेक-आउट करून आठवडाभर भारतात जाऊन आलात की मोजणी पुन्हा एकपासून. हे नियम राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सीत हीच माफी नव्वद दिवसांच्या मुक्कामाला मिळते. त्यामुळे एडिसनला राहिलेल्या मित्राचा अनुभव प्लेनोला लावू नका.

(जाता जाता, कॅलिफोर्नियात कुणी जाणार असेल तर: तीस दिवस राहिलेल्या पाहुण्याला तिथे भाडेकरूचे हक्क मिळू शकतात, म्हणून काही ठिकाणी अठ्ठाविसाव्या दिवशी ‘एक रात्र बाहेर जा, मग परत या’ असं सांगतात. ते हक्क टाळण्यासाठी असं करायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. सांगितलं तर लेखी मागा.)

आता तुम्ही तिघी येता. इथे उत्तर बदलतं, आणि तुमच्या ऑफिसातल्या माणसाचा सल्ला इथेच सगळ्यात महाग पडेल. चौघांना स्टुडिओत पाच आठवडे काढता येणार नाहीत. ऑल-सूटमध्ये जागा होईल, दारही मिळेल, पण पाच आठवडे शेगडीवाचून? सासूबाई शाकाहारी असाव्यात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. नाश्त्याच्या टेबलावर त्यांच्यासाठी काय असतं? टोस्ट, सीरियल, दही, केळं. बटाट्याच्या फोडी अंड्याच्याच तव्यावर परतलेल्या असू शकतात. तीन दिवस चालतं. पाचव्या दिवशी त्यांना भूक नाही म्हणतात, आणि ती भूक नसते असं नाही. मी हे कितीतरी घरांत पाहिलंय. वरणभात आणि पोळीचा तुकडा मिळाला की माणूस दुसऱ्या दिवशी बागेत फिरायला निघतो.

म्हणून तुम्हाला शेगडी आणि दार दोन्ही हवं. ते मिळतं एक्स्टेंडेड स्टेच्या वन-बेडरूम किंवा टू-बेडरूम सूटमध्ये. रेसिडेन्स इन, होमवुड, स्टेब्रिज यांच्या बऱ्याच हॉटेलांत वन-बेडरूम असतात, टू-बेडरूम मोजकेच, म्हणून ते आधी पकडावे लागतात. यजमान बुकिंग करतील तेव्हाच शेवटच्या पाच आठवड्यांची मोठी खोली त्याच हॉटेलात नोंदवून ठेवायला सांगा. हॉटेल तेच, खोली फक्त बदलायची, म्हणजे मुक्काम सलग राहतो. खोली बदलताना संगणकावर चेक-आउट दाखवून नवा मुक्काम उघडणार नाही, एवढं मॅनेजरकडून लेखी घ्या.

दाराबद्दल मी एवढी आग्रही का, तेही सांगते. माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही सुट्टीला गेलो आणि मी, हे काम रोज करणारी बाई, ‘सूट’ शब्दावर विश्वास ठेवून बुकिंग केलं. खोली उघडली तर एक लांबट हॉल. मध्ये छातीएवढ्या उंचीचा आडोसा, पलीकडे दोन पलंग, अलीकडे सोफा. बाबा जेटलॅगमुळे पहाटे तीनला उठायचे. दिवा लावला तर नातू जागा होईल म्हणून ते बाथरूममध्ये, कमोडचं झाकण लावून, त्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मला पहाटे ते दिसले. सत्तरीचा माणूस, अंगावर शाल, मांडीवर आदल्या दिवशीचा पेपर. त्या दिवसापासून मी कुणाचंही बुकिंग खोलीचा नकाशा बघितल्याशिवाय केलेलं नाही.

तुम्हीही तेच करा. हॉटेलच्या साइटवर खोलीचे फोटो असतात, नकाशाही बऱ्याच ठिकाणी असतो. फोन करून नेमकं हेच विचारा: झोपायची खोली आणि बसायची खोली यांच्यात बंद होणारं दार आहे का? ‘वेगळी बसायची जागा’ हे उत्तर दाराचं उत्तर नव्हे. एम्बसी सूट्समध्ये साधारणपणे दोन स्वतंत्र खोल्या आणि दार असतं. स्प्रिंगहिलमध्ये बहुधा एकच मोठी खोली आणि मध्ये आडोसा. वर्णनात दोन टीव्ही लिहिले असतील तर दोन खोल्या असण्याची शक्यता जास्त, हा माझा पडताळलेला ठोकताळा आहे. तरी विचारा.

सासूबाईंसाठी आणखी दोन गोष्टी. सोफा-बेडवर त्यांना झोपवू नका. त्याची गादी पातळ असते आणि मधली लोखंडी दांडी बरोबर कंबरेखाली येते. त्यांना आणि लेकीला पलंगाची खोली द्या, तुम्ही दोघं बाहेर. आणि न्हाणीघर: बऱ्याच खोल्यांत टब असतो आणि शॉवर त्याच्या आत. टबची कड गुडघ्याला लागेल एवढी उंच, आतला तळ ओला आणि गुळगुळीत, धरायला काही नाही. साडी किंवा गाऊन सावरत त्यात पाय टाकणं ही वयस्कर बाईसाठी पडण्याची जागा आहे. बुकिंगच्या वेळीच टब नसलेली, पायरीविना शॉवर असलेली खोली मागा. ती नसेल तर निदान भिंतीला धरायची दांडी आणि टबमधली रबरी चटई. हॉटेलं मागितल्यावर देतात, आपणहून सांगत नाहीत. बादली-मग मात्र इथल्या मोठ्या दुकानातून पाच-सहा डॉलरला आणून ठेवा, त्यांचा निम्मा ताण तिथेच जाईल.

आता स्वयंपाकघर. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण हॉटेलातली शेगडी आणि आपली फोडणी यांचं जमवून घ्यावं लागतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका इंजिनिअरची आई शिकागोजवळच्या एका हॉटेलात होती. जानेवारीतली रात्र, बाहेर बर्फ. त्यांनी ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर भाजायला घेतल्या. धूर झाला, खोलीतला अलार्म ओरडायला लागला. त्या घाबरल्या आणि कुणीही करेल तेच केलं, धूर जावा म्हणून खोलीचं दार उघडून पॅसेजमध्ये वाट करून दिली. तिथे चूक झाली. खोलीतला अलार्म बहुतेक ठिकाणी खोलीपुरता वाजतो. पॅसेजमधला वाजला की सगळी इमारत रिकामी करतात. अडीचशे माणसं पार्किंगमध्ये, कुणी अनवाणी, कुणी झोपेतलं मूल ब्लँकेटमध्ये गुंडाळून, आणि आगीचा बंब. मी दुसऱ्या दिवशी फोन केला तर त्या माऊली म्हणाल्या, ‘मी आता इथे गॅस पेटवणार नाही.’ गॅस नव्हताच तो, पण त्यांच्या बोलण्यातली भीती खरी होती. दोन दिवस त्यांनी फक्त दूध आणि ब्रेड खाल्ला.

म्हणून सासूबाईंना पहिल्याच दिवशी स्वयंपाकघर नीट दाखवा. धूर झाला तर पॅसेजचं दार उघडायचं नाही. शेगडी बंद करायची, खिडकी उघडत असेल तर उघडायची (बरेचदा चार बोटंच उघडते), आणि बाथरूमचा पंखा लावून बाथरूमचं दार उघडं ठेवायचं. शेगडीवरचा पंखा बऱ्याच हॉटेलांत हवा बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून तीच खोलीत परत सोडतो. बाथरूमचा पंखा मात्र बाहेर टाकतो. फोडणी करायच्या आधीच तो लावून ठेवला तर वास पडद्यांत आणि गालिच्यात मुरत नाही. बुकिंगच्या अटींत जादा साफसफाईचा दंड असतो, तो वाचून ठेवा. फोडणी मंद आचेवर, तेल धुरकट होऊ न देता. या शेगड्या गॅससारख्या लगेच थंड होत नाहीत. बटण बंद केलं तरी काच किंवा तार काही मिनिटं तापलेली असते. मोहरी तडतडली की भांडं उचलून बाजूला ठेवायचं, आच कमी करून भागत नाही. लेकीचा हातही त्या काचेपासून लांब. मिरच्या भाजणं, वांगं भाजणं, फुलका जाळीवर टाकणं हे तिथे नको. भरीत खावंसं वाटलं तर वांगं मायक्रोवेव्हमध्ये शिजवा, धुराची चव येणार नाही, पण जेवण होईल. आणि कपडे वाळत घालायला छताजवळच्या स्प्रिंकलरला हँगर अडकवू नका. त्याला धक्का लागून तो फुटला तर खोलीत पाणीच पाणी होतं. कपड्यांसाठी हॉटेलात वॉशिंग मशीन आणि ड्रायर असतात.

इथपर्यंतचं थोडक्यात: बारा आठवडे एकट्यासाठी एक्स्टेंडेड स्टेचा स्टुडिओ, त्याच हॉटेलात, मुक्काम न मोडता, पाच आठवडे दार असलेली वन किंवा टू-बेडरूम, पहिल्याच दिवशी करमाफीचं पत्र. ऑल-सूटचा विचार आत्तापर्यंत कुठेच केला नाही. तो आता.

ऑरलँडोच्या चार-पाच रात्रींसाठी मी डोळे मिटून ऑल-सूट सांगेन, मधलं दार असलेलं. सकाळी आठला बाहेर पडून दिवसभर उन्हात थीम पार्कमध्ये चालणारं कुटुंब संध्याकाळी येऊन आमटी करत नाही. तुम्हाला हवं आहे ते सकाळी पोटभर खाणं, दूध-दही ठेवायला फ्रिज, लेक आठला झोपली की दार लावून तुम्हाला तासभर शांतता, आणि दुपारी ऊन फार झालं तर परत येऊन सासूबाईंना आडवं होता येईल अशी खोली. प्लेनोहून निघताना थेपले, दशम्या, दाण्याची चटणी करून घ्या. दोन दिवस सहज पुरतात. दर बघताना तीन गोष्टी जोडून बघा: तिथला कर, जो ऑरलँडो ज्या ऑरेंज काउंटीत आहे तिथे 12.5 टक्के आहे, रोजचं पार्किंग, आणि काही ठिकाणी लावला जाणारा रिसॉर्ट शुल्काचा आकडा. वरचा दर कमी दिसणारं हॉटेल या तिन्ही मिळून महाग निघालेलं मी बऱ्याचदा पाहिलंय.

न्यूयॉर्कला दोन्ही विसरा. तिथे तीन रात्री म्हणजे फक्त जागा बघायची: सबवे स्टेशन किती पावलांवर आहे आणि सासूबाईंना किती जिने चढावे लागतील. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नाही, म्हणून जवळच्या स्टेशनला आहे का ते आधी पाहा. मॅनहॅटनमध्ये खोल्या लहान असतात, चौघांना एका खोलीत कोंबण्यापेक्षा जोडून दोन साध्या खोल्या बऱ्या. खाण्याची चिंता नाही. लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या आसपास इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळं आहे. नायगाराच्या एका रात्रीला धबधब्यापासून चालत जाता येईल असं कुठलंही साधं स्वच्छ हॉटेल.

हे सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या मला तुमच्या प्रश्नातून कळल्या नाहीत. यजमान गाडी चालवणार का? प्लेनोत गाडीशिवाय वाणसामान आणणं कठीण आहे. गाडी नसेल तर ऑफिसच्या जवळ राहण्यापेक्षा दुकानाच्या जवळ राहणं मी पसंत करेन. ऑफिसला सहकाऱ्याची गाडी मिळते, आठवड्याचं दूध-भाजी आणायला नाही. काही हॉटेलांची शटल तीन-चार मैलांत सोडते, दुकानापर्यंत येईल का ते विचारा. दुसरं, बिल कोण भरतंय? बारा आठवडे कंपनी आणि पुढचे पाच तुम्ही असं असेल, तर दोन्ही एकाच नावावर सलग राहतील याची व्यवस्था आधी करा, नाहीतर टॅक्सची माफी मोडल्यासारखी दाखवली जाऊ शकते. तिसरं, कार्ड. खोलीचं बिल कंपनीचं असलं तरी काउंटरवर अनामत म्हणून तुमच्या कार्डावर काही रक्कम अडकवतात. ती भारतातल्या फॉरेक्स कार्डावर अडकली की सुटायला दिवसच्या दिवस लागतात, आणि खर्चाचे पैसे नेमके त्यातच असतात. यासाठी क्रेडिट कार्ड द्या. आणि यजमानांचं सोशल सिक्युरिटी कार्ड (तिथे काम करणाऱ्याला सरकार देतं तो क्रमांक असलेलं) टपालाने हॉटेलच्या पत्त्यावर येणार असेल, तर पाकिटावरचं नाव आणि हॉटेलच्या नोंदीतलं नाव अक्षरशः सारखं ठेवा, खोली क्रमांकासह. जुळलं नाही तर काउंटरवरून पाकीट परत जातं.

राहिला कुकर. सासूबाईंना आणू द्या, पण कुठला ते पाहून. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. काचेच्या किंवा तारेच्या शेगडीवर चालतो, पण त्याचा तळ सपाट असायला हवा. वर्षानुवर्षं वापरून तळ फुगलेला असेल तर अर्धाच टेकतो आणि शिट्टी येता येत नाही. कढईचंही तेच, गोल बुडाची आणू नका. तीन लिटरचा स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा कुकर सगळ्यात बरा. तो घरी चुंबक लावून पाहा, तळाला चुंबक चिकटला तर कुठल्याही शेगडीवर चालेल. मिक्सर आणि विजेची शेगडी अजिबात नको. इथली वीज 120 व्होल्टची आहे, भारतातला मिक्सर त्यावर नीट चालत नाही, आणि स्वतःची शेगडी खोलीत वापरायला हॉटेलं परवानगी देत नाहीत. तांदूळ सामानात घालू नका; धान्याला लागणाऱ्या खाप्रा भुंगेऱ्याच्या भीतीने भारतातून तांदूळ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. प्लेनोच्या आसपास भारतीय किराणा भरपूर आहे, आंबेमोहोर नाही मिळाला तरी सोना मसुरी नक्की मिळेल. पोळपाट-लाटणं मात्र आणा. हॉटेलच्या भांड्यांत ते नसतं. आणि कुकरची जादा रिंग आणि सेफ्टी वाल्व एका पाकिटात घालून त्याच्याच पोटात ठेवा.